रिकाम्या कॅबिनेटची किंमत

सांगलीच्या गावभागातील एका घरात गेल्या दिवाळीनंतर एक लोखंडी पेटी दिवाणखान्याच्या मधोमध आणून ठेवण्यात आली. काळ्या रंगाची, हातभर उंच आणि आतून संपूर्ण रिकामी. संगणकाच्या बाजारात तिला कॅबिनेट म्हणतात. दहा वर्षे त्या कुटुंबाचा सारा संग्रह तिच्या पोटात होता. दोन लग्नांची छायाचित्रे, आजोबांच्या आवाजातील जुन्या ध्वनिफितींच्या प्रती, शेताचे उतारे, आयकराची विवरणपत्रे, नातवंडांच्या पहिल्या पावलांचे चित्रण. आता तो संग्रह दुसरीकडे हलला होता आणि पेटी विकावयाची होती.

घरातील वडीलधारे गृहस्थ पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. घरात आणि गल्लीत सारे त्यांना अण्णा म्हणतात. चिरंजीव पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतात. २०१५ च्या जून महिन्यात त्यांनीच ही पेटी नऊ हजार रुपयांना घेऊन तीत घरचा सर्व्हर उभा केला होता. सर्व्हर हा शब्द मोठा, वस्तू साधी. पडदा नसलेला एक संगणक, त्यात प्रत्येकी चार टेराबाइटच्या चार हार्ड डिस्क, आणि घरातील प्रत्येक मोबाइलवरून तेथवर पोचण्याची सोय. चारांपैकी कोणतीही एक डिस्क बंद पडली तरी माहिती शाबूत राहावी अशी रचना असल्याने प्रत्यक्ष वापरास बारा टेराबाइट मिळत. याशिवाय एक प्रत पुण्याच्या घरी असे, कारण चोरी, आग किंवा पाणी आले तर एका पेटीतील चारही डिस्क एकदमच जातात. नातलगांनी त्या काळी या खटाटोपाची यथेच्छ थट्टा केली होती. १ जून २०२१ पासून गूगलने छायाचित्रांची अमर्याद मोफत साठवण बंद केली, तेव्हा त्यांतील काहींनी अण्णांकडेच जागा मागितली, हा भाग वेगळा.

पेटी विकण्याचे कारण तिच्यातील दोष नव्हे. आता एकेक डिस्कच सोळा टेराबाइटची मिळते. अशा दोन डिस्क एका तयार छोट्या यंत्रात बसवल्या की काम भागते, आणि ते यंत्र पोळ्यांच्या डब्याएवढ्या जागेत मावते. आठ डिस्कची जागा असलेले कॅबिनेट त्या घराला निरुपयोगी झाले.

निरुपयोगी झाले ते त्या घराला, बाजाराला नव्हे. संगणकाचे इतर भाग चार-सहा वर्षांत मागे पडतात, कॅबिनेट मात्र सहसा पडत नाही. याचे मूळ मापांच्या स्थैर्यात आहे. मदरबोर्ड कोठे बसावा, स्क्रूची छिद्रे कोठे असावीत याचे एटीएक्स हे प्रमाण इंटेल कंपनीने १९९५ मध्ये ठरवून दिले. त्यात पुढे भर पडली, लहान आकाराचे बोर्ड आले, पण मूळ छिद्रे बव्हंशी जागच्या जागीच राहिली. हार्ड डिस्कचे तसेच आहे. साडेतीन इंची म्हणून ओळखली जाणारी पहिली हार्ड डिस्क १९८३ मध्ये स्कॉटलंडच्या रोडाइम कंपनीने काढली, ती दहा मेगाबाइटची होती. आजची तिच्याहून लाखो पटींनी अधिक माहिती सामावते, पण बाहेरील रुंदी तीच. (आणि ती रुंदी साडेतीन नव्हे, पुरती चार इंच आहे. नाव साडेतीन इंची फ्लॉपीवरून आले आणि चिकटून बसले.) भरीस भर म्हणजे हल्लीच्या नव्या कॅबिनेटांत काचेची दारे आणि रंगीत दिवे असतात, हार्ड डिस्कला मात्र दोन-तीनच जागा ठेवलेल्या असतात. घरचा सर्व्हर उभारू पाहणाऱ्यास म्हणूनच जुनी, आठ जागांची पेटी हवी असते.

मग तिची किंमत किती धरावी? हिशेबाच्या दृष्टीने हा प्रश्न मोठा रंजक आहे. आयकराच्या नियमांत संगणकावर २०१६-१७ पर्यंत साठ टक्के घसारा मिळे, २०१७-१८ पासून तो चाळीस टक्के झाला. ही पेटी एखाद्या व्यवसायाच्या वहीत असती तर नऊ हजारांचे पहिल्या वर्षअखेर छत्तीसशे, दुसऱ्या वर्षअखेर चौदाशे चाळीस, असे उतरत उतरत ३१ मार्च २०२५ रोजी तिचे पुस्तकी मूल्य अवघे २४ रुपये उरले असते. गल्लीतील भंगारवाल्याने ती हातात उचलून पाहिली आणि दीडशे सांगितले. चिरंजीवांच्या मते बाजारभाव साडेचार हजार होता, कारण तशाच आठ जागांच्या नव्या पेटीसाठी दहा हजारांच्या पुढे मोजावे लागत होते. वस्तू एक आणि किमती तीन. चोवीस रुपये ही वहीची सोय, दीडशे हे लोखंडाचे वजन. साडेचार हजार हा आकडा मात्र घेणाऱ्याचा विश्वास गृहीत धरून काढलेला होता, आणि पेच नेमका तेथेच होता.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर गेले. गावभागातील इतर घरांप्रमाणे अण्णांच्या घरातही ते शिरले. पाणी पायरीला लागले तेव्हा अण्णांनी सर्व्हर बंद करून चारही डिस्क बाहेर काढल्या. अण्णांच्या पत्नींनी त्या लोकरी शालीत गुंडाळून पापडांच्या डब्यात घातल्या आणि डबा माडीवर नेला. धान्याची पोती, गॅसची शेगडी, कागदपत्रांची ट्रंक यांच्यानंतर पेटीकडे वळण्यास वेळ उरला नाही. टेबलाच्या खालच्या फळीवर ती चार-पाच दिवस पाण्याखाली राहिली.

पाणी ओसरल्यावर मदरबोर्ड, एसएमपीएस आणि फॅन टाकून द्यावे लागले. सांगाडा तेवढा राहिला. अण्णांनी तो सुटा करून स्वच्छ पाण्याने धुतला, सांध्यांतील गाळ दात घासण्याच्या ब्रशने काढला, उन्हात वाळवला, आणि पुढच्या पावसाळ्यात तळाच्या सांध्यावर गंजाची रेघ उमटली तेव्हा ती घासून तेथे रेड ऑक्साइडचा हात दिला. नवे भाग घालून पेटी पुन्हा चालू झाली. तिची जागा मात्र माडीवर गेली. जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा चढली, तेव्हा पेटीला पाण्याचा थेंबही लागला नाही. पुरानंतर सहा वर्षे तिने एका दिवसाचीही तक्रार केली नाही. पुढच्या बाजूची दोन यूएसबी भोके तेवढी पुरात गेली ती गेलीच.

विकण्यासाठी पेटी पुसताना चिरंजीवांना तळाच्या सांध्याशी पुन्हा तांबूस रेघ दिसली. डिस्क टांगण्याच्या एका पट्टीखालीही बोटभर डाग होता. त्यांनी संध्याकाळी बाजारातून काळ्या स्प्रेचा डबा आणला.

“अण्णा, दहा मिनिटांचं काम आहे. रंग मारला की फोटो चांगले येतील.”

“गंज घासून मारणार आहेस, की गंजावरून?”

“घासत कशाला बसायचं? दिसलं नाही म्हणजे झालं.”

“मग तो डबा राहू दे,” अण्णा म्हणाले.

चिरंजीवांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पेटी सहा वर्षे निर्वेध चालली होती. जुन्या वस्तूला थोडा गंज असतोच. घेणारा स्वतः येऊन पाहणार, त्याने विचारले तर सांगू, न विचारता आपण होऊन पुराची कहाणी कशाला लावायची? व्यवहारात बहुतेक माणसे येथेच थांबतात, आणि कायदाही त्यांना बरीच मोकळीक देतो. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे सोळावे कलम मुळात ग्राहकालाच सावध राहावयास सांगते. त्याला जे अपवाद आहेत ते मुख्यतः त्या मालाचा धंदा करणाऱ्यांसाठी. घरातील एखादी जुनी वस्तू विकणारा गृहस्थ त्यांत सहसा येत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमानुसार नुसते मौनही सामान्यतः कपट ठरत नाही. मात्र त्याच कलमात, माहीत असलेली गोष्ट कृतीने झाकणे हे कपटात मोडते असे स्वच्छ म्हटले आहे. तेव्हा पुराबद्दल गप्प बसणे ही एक गोष्ट आणि गंजावर काळा रंग मारून गप्प बसणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीपासून दुसरीपर्यंतचे अंतर वीस मिनिटांत कापता येते. स्प्रेचा रंग तेवढ्या वेळात वाळतो.

अण्णांचे म्हणणे कायद्याचे नव्हते, अभियंत्याचे होते. डिस्क मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. अशा आठ डिस्क एका सांगाड्यात फिरू लागल्या की सूक्ष्म कंप सतत चालू राहतो. घासून काढलेला गंज थांबवता येतो. रंगाखाली झाकलेला गंज आत वाढतो, त्याच्या खपल्या सुटतात, आणि फॅनचा वारा त्या खपल्या कोठेही नेऊन टाकतो. घेणाऱ्याला ठाऊक असेल तर तो वर्षातून एकदा तळ पाहील. ठाऊक नसेल तर का म्हणून पाहील? आणि त्या पेटीत तो काय ठेवणार, हे आपल्याला माहीत नाही.

अण्णांच्या पत्नी इतका वेळ भाजी निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “पुरात भिजलेल्या गाद्या आपण कुणाला फुकटसुद्धा दिल्या नव्हत्या.”

“गादी आणि लोखंड एक नाही, आई,” चिरंजीव म्हणाले.

“नाहीच. म्हणून तर विका म्हणते. पण सांगून विका.”

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून गंज पॉलिश पेपरने घासला, रेड ऑक्साइड लावला आणि तो तसाच तांबडा उघडा ठेवला. छायाचित्रे अंगणात, सकाळच्या उजेडात काढली. एकूण अकरा छायाचित्रे, त्यांतील तीन दोषांची, पट्टी शेजारी ठेवून. मजकूर अण्णांनी सांगितला आणि चिरंजीवांनी मोबाइलवर लिहिला. आठ डिस्कची जागा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये. वजन साडेसहा किलो. १२० मिलिमीटरचे तीन फॅन, दोन वर्षे वापरलेले. पुढची यूएसबी भोके बंद. डिस्कचे मूळ बत्तीस स्क्रू, पैकी एकोणतीस उपलब्ध. आणि शेवटी : २०१९ च्या महापुरात चार-पाच दिवस पाण्याखाली होते, तळाशी गंज घासून रेड ऑक्साइड लावला आहे, छायाचित्र पाहावे.

स्क्रूंची मोजदाद वाचून एखाद्यास हसू येईल. पण डिस्कचा आवाज पेटीत उतरू नये म्हणून या प्रकारच्या कॅबिनेटांत रबरी बुचे असतात, आणि त्यांतून जाणारे स्क्रू नेहमीच्यांपेक्षा लांब व खांद्याचे असतात. ते दुकानात सहजासहजी मिळत नाहीत. जुनी पेटी घेणाऱ्याचा निम्मा मनस्ताप अशा लहान वस्तूंतून येतो. अण्णांनी ते एका औषधाच्या बाटलीत दहा वर्षे जपले होते.

पुराचे वाक्य मात्र पहिल्या दिवशी जाहिरातीत गेले नव्हते. चिरंजीवांनी ‘उद्या घालतो’ म्हणून ते राखून ठेवले होते. त्या एका दिवसात तीन जणांनी विचारणा केली. पहिल्याने भाव न करता साडेचार हजार मान्य केले, आपण सैन्यात असून तातडीने बदली झाली आहे असे सांगितले आणि पैसे पाठवण्यासाठी एक क्यूआर कोड धाडला. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन लागतो तो फक्त आपल्या खात्यातून पैसे जाताना. वस्तू विकणाऱ्या शेकडो शहाण्यासुरत्या माणसांची खाती याच एका गोंधळात रिकामी होतात, म्हणून ही गोष्ट घरातील प्रत्येकाने पाठ करून ठेवण्यासारखी आहे. अण्णांनी तो संवाद तेथेच बंद केला. दुसऱ्याने पाचशे रुपयांत मागितली.

तिसरे गृहस्थ नागपूरचे. ते खरे गिऱ्हाईक होते आणि चार हजारांस तयार झाले. अडचण कुरिअरची होती. मोठ्या पण हलक्या पुडक्याचे भाडे वजनावर नव्हे, आकारावर लागते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करावयाचा आणि बहुधा पाच हजारांनी भागावयाचे. वेष्टनासह पन्नास, पंचेचाळीस आणि चाळीस सेंटिमीटर धरले तर साडेसहा किलोच्या पेटीचे भाडे अठरा किलोचे होते. तेही त्यांनी मान्य केले. रात्री अण्णांनी जाहिरात पाहिली, पुराचे वाक्य तीत नाही हे त्यांच्या लक्षात आले, आणि ते काही न बोलता मोबाइल चिरंजीवांच्या हातात देऊन समोर बसून राहिले. वाक्य जाहिरातीत गेले आणि स्वतंत्रपणे नागपूरच्या गृहस्थांनाही गेले. त्यांनी सभ्यपणे आभार मानून नकार कळवला.

त्यानंतर अकरा दिवस कोणी विचारले नाही. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला होता. वस्तूची खरी अवस्था विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असेल, तर घेणारा सर्वच मालाला मध्यम भाव देऊ लागतो, त्या भावात चांगला माल विकणे परवडत नाही म्हणून तो बाजारातून निघून जातो, आणि मागे उरतो तो खराब माल, असे त्याचे प्रतिपादन होते. २००१ मध्ये त्याला आणखी दोघांसह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. वाणिज्य शाखेत हे सारे शिकवले जाते. जे सांगितले ते सांगून अकरा दिवस फोनकडे पाहत बसणे कसे असते, ते मात्र कोणत्याही पुस्तकात नाही. चिरंजीव पुण्यास परतले. जाताना भंगारवाल्याच्या दीडशे रुपयांची आठवण करून देण्यास ते विसरले नाहीत.

बाराव्या दिवशी मिरजेहून एका तरुणाचा फोन आला. लग्नसमारंभांची छायाचित्रे काढणे हा त्याचा व्यवसाय. रविवारी तो मोटारसायकलवरून आला. योगायोगाने चिरंजीवही त्या आठवड्यात घरी होते. तरुणाने चहा बाजूला ठेवला, विजेरी मागितली आणि अर्धा तास पेटी पाहिली. तांबड्या पट्ट्यावर नख ओढून पाहिले. प्रत्येक पट्टी आत-बाहेर सरकवली. फॅन बोटाने फिरवून कानाशी धरले.

“काका, तुमची जाहिरात वाचूनच आलो. मी चार जाहिराती पाहिल्या होत्या. सगळ्यांत ‘एकदम नव्यासारखं’ एवढंच लिहिलेलं. दहा वर्षांचं कॅबिनेट नव्यासारखं कसं असेल? भीतीच वाटली.”

त्याच्याकडे सुटलेल्या बावीस हार्ड डिस्क होत्या. कोणत्या डिस्कवर कोणाचे लग्न आहे हे एका वहीत लिहिलेले. गेल्या वर्षी त्यांतील एक बंद पडली. एका वधूच्या वडिलांचे लग्नानंतर सहा महिन्यांत निधन झाले होते आणि त्यांचे बोलतानाचे शेवटचे चित्रण त्या डिस्कवर होते. दुरुस्ती करणाऱ्याने हात टेकले. तेव्हापासून एक डिस्क गेली तरी माहिती जाऊ नये अशी सोय करावी हे त्याच्या डोक्यात होते. डिस्कसाठी पैसे राखावयाचे तर पेटीवर फार खर्च करता येत नव्हता. हे ऐकताना चिरंजीव स्प्रेच्या डब्याकडे पाहत होते. तो अजून खिडकीतच होता.

पुढचे झाकण उघडताना तरुण थांबला. “काका, हे इथंच ठेवायचंय का?”

झाकणाच्या आतल्या अंगाला, तळहाताएवढ्या खाचेत, एक सपाट एसएसडी स्क्रूने घट्ट बसवलेली होती. २०१९ मध्ये पेटी पुन्हा उभी करताना चिरंजीवांनी ती तेथे लावली होती. तीन वर्षांनी नवी थेट मदरबोर्डवर बसवली, जुनीची वायर काढली आणि तिला विसरून गेले. सगळे दोष लिहिले, स्क्रू मोजले, पण ‘आतून पूर्ण रिकामे’ हे वाक्य कोणी तपासलेच नव्हते. चिरंजीवांचा चेहरा उतरला. सर्व्हरचे पासवर्ड त्या एसएसडीवर होतेच, शिवाय चाचणीसाठी म्हणून घरातील कागदपत्रांचे एक बाड त्यांनी तीवर उतरवले होते. आधारपत्रे, पासबुके, आईच्या दागिन्यांच्या लॉकरचा करार. तरुणाने ती सोडवून अण्णांच्या हातात दिली. मिरजेस गेल्यावर सापडली असती तर फोन केलाच असता, असे तो म्हणाला, आणि तसे न म्हणताही ते कळण्यासारखे होते. पेटी विकणाऱ्या प्रत्येकाने पुढचे झाकण आणि मदरबोर्डमागची बाजू उघडून पाहावी. नव्या पद्धतीच्या कॅबिनेटांत डिस्कच्या अशा आडजागा असतात आणि त्या नजरेस पडत नाहीत.

भावाची बोलणी पाच मिनिटांत आटोपली. तरुणाने दोन हजार म्हटले, अण्णांनी अडीच. बावीसशेंवर जमले. नागपूरच्या भावाहून हे अठराशे कमी, हा हिशेब चिरंजीवांनी मनात केला असावा, बोलून दाखवला नाही. पैसे यूपीआयने आले आणि खात्यात जमा झाल्याचे पाहूनच अण्णांनी मान हलवली.

मग त्यांनी सरकारी सवयीप्रमाणे कागद घेतला. तारीख, वस्तूचे वर्णन, रक्कम, आणि त्याखाली दोषांची यादी जाहिरातीतील क्रमाने : पूर, गंज, रेड ऑक्साइड लावल्याचा महिना, यूएसबी, तीन कमी स्क्रू. खाली दोघांच्या सह्या. एक प्रत स्वतःकडे ठेवून दुसरी त्यांनी पुढे केली.

तरुणाने ती घडी घालून खिशात ठेवली नाही. त्याने चिकटपट्टी मागितली, पेटीचे बाजूचे दार काढले आणि दाराच्या आतल्या अंगाला कागद चारी बाजूंनी चिकटवला.

“पुढं मी कुणाला विकली तर त्याला दिसेल,” तो म्हणाला.

अण्णांच्या पत्नींनी जुने पोते आणि सुतळी आणून दिली. पेटी मागच्या सीटवर आडवी बांधली गेली. स्क्रूंची बाटली तरुणाने शर्टच्या खिशात घातली, पुन्हा बाहेर काढून झाकण घट्ट केले, आणि मोटारसायकल मिरजेच्या रस्त्याला लागली.